निपल खाली, हवा वर

रविवार, रात्री साडेअकरा

तीनदा हात धुतले तरी ब्रेक ऑइलचा वास जात नाही. पण आज ब्रेक लागला! किटमधून घरीच जुळवतोय ती गाडी अजून स्टँडवरच आहे, चालायला तिला बराच अवकाश आहे, तरी पॅडल दाबलं की पाय मध्येच अडतो. गेले तीन रविवार तो थेट तळाला टेकत होता.

दोनतीनदा पंप केलं की पॅडल वर यायचं, जरा थांबून दाबलं की पुन्हा स्पंज. आत हवा आहे हे त्यावरून कुणीही सांगेल. तेल दाबून आकसत नाही, हवा आकसते, आणि पायाचा जोर त्यातच जिरतो. म्हणून हवा काढायला बसलो. चाकाजवळच्या निपलला, म्हणजे हवा नि तेल बाहेर सोडायच्या छोट्या स्क्रूला, पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं, मी चाकाशी आणि ही सीटवर. "दाब. धर. धरून ठेव. आता सोड." आधी मागची चाकं, मग पुढची. बाटलीत एक बुडबुडा येईना, नुसतं स्वच्छ तेल. दुसऱ्या रविवारी हिने विचारलं, "मी नीट दाबतेय ना?" मी 'हो' म्हणायला जरा उशीर केला. ते लक्षात ठेवलं गेलंय.

माझा संशय मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पॅडल दाबलं की तेल पुढे ढकलणाऱ्या पंपावर होता. जुन्या गाडीतून काढलेला, आणि आख्ख्या ब्रेकमध्ये मी न उघडलेला तेवढाच एक भाग. नवा मागवणारच होतो. मागच्या महिन्यात स्टार्टर नुसता कण्हत होता तेव्हा असाच नव्या बॅटरीचा हट्ट धरला होता. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनला लावून स्टार्टर मारला तर जवळपास शून्य हवं तिथे 4 व्होल्ट! इंजिन रबरी माउंटिंगवर, आणि त्याला चेसिसशी जोडणारी अर्थची पट्टी मीच लावायला विसरलो होतो. करंट बिचारा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढत होता. केबल हाताला चटका बसेल इतकी तापली होती.

म्हणून या वेळी पैसे घालण्याआधी पुढच्या दोन्ही रबरी नळ्या क्लँपने चिमटल्या. पॅडल दगडासारखं घट्ट. म्हणजे मास्टर सिलिंडर निर्दोष, मागची चाकंही निर्दोष. एक क्लँप काढला की थोडं मऊ, दुसरा काढला की पुरतं मऊ. दोन्ही बाजूंना सारखाच रोग?

कुठे गळतंय का बघायला टॉर्च घेऊन गाडीखाली आडवा झालो. निपल किंचित सैल केला आणि थेंब टपकन चष्म्यावर पडला. चष्मा पुसता पुसता डोक्यात प्रकाश पडला. थेंब माझ्या तोंडावर पडतोय, म्हणजे निपल कॅलिपरच्या (चाकाच्या चकतीला चिमटीत धरणाऱ्या भागाच्या) खालच्या टोकाला आहे. हवा वर जाऊन बसलेली, आणि मी तीन रविवार खालच्या भोकातून चांगलं तेल काढून फेकतोय. बुडबुडे येणार कुठून?

डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे. बोल्टची भोकं दोन्हीकडे बरोबर जुळतात, फरक फक्त निपल वर की खाली एवढाच. किटच्या पुस्तकात फोटो एकाच बाजूचा. पण खरं सांगायचं तर लाल रंग दिल्यावर ते इतके देखणे दिसत होते, की बसवताना मी रंगच बघत होतो.

अदलाबदल करायला दोन तास लागले. नळीच्या बोल्टला नवे तांब्याचे वायसर, आणि तेलही नवीन बाटलीतलं. उघड्या बाटलीतलं तेल हवेतला ओलावा ओढतं. कोरडं डॉट 4 जातीचं ब्रेक ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेलं 155 च्या आसपासही उकळू शकतं. मग पुन्हा "दाब, धर, सोड". पहिल्याच खेपेला नळीतून भसाभस फेस आला. ही वरून म्हणाली, "अगं बाई, घट्ट झालं!" मी खालून काहीच बोललो नाही.

आता वर येताना पाहिलं, तर चेसिसच्या पुढच्या नळीवर सांडलेलं तेल पुसायचं राहून गेलंय. तळहाताएवढा रंग सुरकुतून वर आलाय, नखाने सोलता येतो. उद्या पॉलिश पेपर शोधायचा.