परतीची तारीख

परदेशातून स्वयंसेवक म्हणून आलेला माणूस गावात लांबूनही ओळखू येतो. तो भराभर चालतो. बाकीची माणसं चालतात, मध्येच थांबतात, कुणाच्या तरी दारात टेकतात, पुन्हा चालू लागतात. हा मात्र पाठीला सॅक आणि हातात पाण्याची बाटली घेऊन असा निघालेला असतो, की वाटावं, घरात कुणी तरी अत्यवस्थ आहे. प्रत्यक्षात त्याला एका बैठकीला जायचं असतं आणि त्या बैठकीला अजून तासभर तरी कुणी फिरकणार नसतं.

चालण्याचा हा वेग मोजणाराही एक निघाला. रॉबर्ट लेव्हिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात ३१ देशांतल्या शहरांमध्ये तीन गोष्टी तपासल्या: माणसं साठ फुटांचं अंतर किती सेकंदांत कापतात, पोस्टातला कारकून एक तिकीट द्यायला किती वेळ लावतो आणि बँकांमधली घड्याळं कितपत बरोबर चालतात. सर्वांत वेगवान ठरलं स्वित्झर्लंड, सर्वांत संथ मेक्सिको. मला या निकालापेक्षा लेव्हिनला हा नाद लागला कसा, ते जास्त आवडतं. तो ब्राझीलमध्ये, नितेरॉयला, विद्यापीठात शिकवायला गेला होता. दहाच्या तासाला विद्यार्थी सावकाश, हसत हसत, एकेक करून उगवत राहिले. इथवर कुणीही चिडेल. पण बारा वाजले, तास संपला, तरी कुणी उठेना! उशिरा आलेले बसून राहिले, प्रश्न विचारत राहिले. घड्याळाचा मुलाहिजा त्यांनी येताना राखला नव्हता, तसा जातानाही राखला नाही. आपण मात्र तक्रार करतो ती फक्त येण्याची.

टांझानियात, केनियात गंमत आणखी पुढची. स्वाहिली बोलताना लोक तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन. विषुववृत्ताजवळ दिवसरात्रीची लांबी वर्षभर जवळपास सारखीच राहते, त्यामुळे हा हिशेब बारा महिने बिनबोभाट चालतो. नवखा पाहुणा ‘दोन वाजता ये’ एवढं स्वाहिली वाक्य अभिमानाने समजून घेतो आणि टळटळीत दुपारी घामाघूम होऊन पोहोचतो. तोवर कामं आटपून माणसं पांगलेली असतात. आता उशीर कुणी केला म्हणायचं?

कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ साली एका भाषणात परक्या मुलखात रुळण्याच्या पायऱ्या सांगितल्या होत्या. आधी मधुचंद्र, मग चिडचिड, मग सावरणं आणि शेवटी रुळणं. चिडचिडीच्या पायरीवर ‘यांना वेळेची किंमतच नाही’ हे वाक्य हमखास येतं. ते नेहमी दुसऱ्या परदेशी माणसाजवळ बोललं जातं आणि बोलल्यावर दोघांनाही बरं वाटतं.

पण हे वाक्य म्हणणाऱ्याच्या खिशात परतीचं तिकीट असतं, ते कुणी लक्षात घेत नाही. १९६१ साली सुरू झालेल्या अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक परदेशी पाठवणाऱ्या संस्थेने सुमारे तीन महिने प्रशिक्षण आणि मग दोन वर्षं सेवा अशी चाकोरी पाडली. दोन वर्षं म्हणजे पुष्कळ, असं जाणाऱ्याला वाटतं. हल्ली तर दोन आठवड्यांतही सेवा उरकता येते: विमानतळ, शाळेची भिंत, मुलांबरोबर फोटो, विमानतळ. (भिंतीला पाणी कोण मारणार, हा प्रश्न फोटोत येत नाही.) तारीख ठरलेली असली की त्या तारखेच्या आत काहीतरी उभं राहिलेलं दिसायला हवं, आणि मग समोरचा प्रत्येक माणूस ढिम्म वाटू लागतो.

पूर्व आफ्रिकेतल्या एका खेड्यात मी हे पंपाच्या निमित्ताने बघितलं. आफ्रिडेव्ह नावाचा हातपंप तिकडे बऱ्याच ठिकाणी दिसतो. गावकऱ्यांना स्वतः उघडता यावा, दुरुस्त करता यावा, म्हणूनच तो १९८०च्या दशकात घडवला गेला. त्यातलं बरंचसं काम एका पान्यात होतं. त्याआधी बाहेरच्यांनी बसवलेले पंप एखादं वॉशर गेलं की गंजत पडायचे, कारण दुरुस्तीची गाडी शहरातून यायची, किंवा यायची नाही. तर आमच्या गावात बोअर मारून झाली होती, पंप बसला होता, पाणी आलं होतं. माझ्या वहीत त्या कामापुढे बरोबरची खूणही झाली होती. राहिलं होतं एवढंच, की पाना कुणाकडे ठेवायचा.

या एवढ्याशा गोष्टीवर बैठकांमागून बैठका झाल्या. बैठक म्हणजे आधी तब्येतींची चौकशी. प्रत्येकाची, नावानिशी, त्याच्या आईवडिलांसकट. मग पाऊस. मग कुणाची शेळी कुणाच्या मक्यात शिरली ते. मी घड्याळ बघायचो आणि कुणी बघत नाही ना, हेही बघायचो. हळूहळू ध्यानात आलं, की शेळी आणि मका हाच पान्याचा विषय आहे. ज्या दोन घरांचं त्या शेळीवरून वाकडं आहे, त्यांतल्या एकाकडे पाना गेला तर दुसऱ्या घरची बाई पंपावर येणार नाही, ती ओढ्यावर जाईल. कोण हंगामात मजुरीला बाहेर जातं, कुणाचं दार दिवसभर उघडं असतं, वॉशरसाठी जमवलेले पैसे कुणाच्या घरात टिकतील आणि कुणाच्या घरात संपतील, हे सगळं शेळीच्या आडून बोललं जात होतं. सरळ विचारलं असतं तर कुणीच तोंड उघडलं नसतं.

शेवटी पाना एका विधवा बाईकडे गेला. बैठकांमध्ये ती फारसं बोलली नव्हती. घर पंपापासून हाकेच्या अंतरावर, दोन्ही भांडणाऱ्या घरांशी जाणंयेणं, आणि गाव सोडून ती कुठे जाणार नव्हती. तिच्या दोन भाच्यांनी पंप उघडायला शिकायचं, असंही त्याच ओघात ठरून गेलं. मी वही काढली. तिला या कामाचं काही द्यायचं का, हा मुद्दा राहिला होता. तो पुढच्या बैठकीत घेऊ, असं बैठकीतले एक म्हातारबाबा म्हणाले.

“पुढची बैठक कधी?” मी विचारलं.

“मका निघाला की.”

“तोवर मी गेलेला असेन.”

“हो ना,” ते म्हणाले, आणि मग माझ्या आईवडिलांच्या तब्येतीची चौकशी करू लागले.