जवळजवळ मीटरभर मतपत्रिका

२८ एप्रिल २०२५ रोजी कॅनडाच्या संसदेची निवडणूक झाली, तेव्हा मी ओटावा परिसरातल्या कार्लटन मतदारसंघात एका केंद्रावर मतपत्रिका द्यायला बसले होते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीला याहून चांगली एका दिवसाची नोकरी कुठे मिळणार, असं वाटून मी अर्ज केला होता. कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पिएर पोलिएव्ह २००४पासून याच भागातून निवडून येत होते. त्यांच्यासमोर उभे होते ९० जण.

ही गर्दी ठरवून केलेली होती. ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकला, ही पद्धत बदला, आणि नियम ठरवायचं काम खासदारांकडून काढून नागरिकांकडे द्या, अशी मागणी करणाऱ्या एका गटाने निषेध म्हणून अपक्षांची रांग लावली. २०१५ची निवडणूक या पद्धतीची शेवटची, असं लिबरल नेते जस्टिन ट्रुडो सांगत होते आणि पंतप्रधान झाल्यावर २०१७मध्ये त्यांनी हात वर केले, हा राग त्यामागे आहे. उमेदवारीला १०० सह्या पुरतात, एकच मतदार कितीही जणांच्या अर्जावर सही करू शकतो आणि अनामत रक्कम न्यायालयाने २०१७मध्येच रद्द केली आहे.

मागणी मला पटते. पण टेबलावर बसून बोलायची सोय नव्हती, आणि त्रास कोणाला होतोय ते समोर दिसत होतं. दोन रकान्यांतली ती मतपत्रिका पुठ्ठ्याच्या आडोशात मावत नव्हती. एक आजी आत गेल्या, बराच वेळ कागदाची सळसळ ऐकू आली, मग डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "माझा माणूस कुठेय यात?" कोणाचंही नाव घेऊन बोट दाखवणं आम्हाला शक्य नाही. आडनावाच्या अक्षरानुसार शोधा, एवढंच सांगितलं. फुली मारून झाल्यावर खरी कसरत. घडी पुन्हा अशी घालायची की मत दिसू नये, पण मागची आमची आद्याक्षरं दिसावीत. आजींना ती जमेना, आणि उघडा कागद मी हातात घ्यायचा नाही. शेवटी मी कोरा कागद घेऊन समोर घडी घालून दाखवली, त्यांनी बघून बघून तशी घातली. मागे रांगेत एकजण पुटपुटला, "हा निषेध कोणाचा, आमचा की आमच्यावर?"

रात्री साडेनऊला दार बंद करून मोजणी सुरू केली. इथे सगळं हाताने. साडीची घडी मोडताना दोघी दोन टोकं धरतात तशी एकेक मतपत्रिका उघडायची, उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवायची, मग गठ्ठ्यात. आमच्या टेबलावर बहुतेक अपक्षांना एकही मत नव्हतं, तरी प्रत्येकापुढे शून्य लिहावंच लागलं. शून्यं लिहून मनगट दुखायची ही माझी पहिलीच वेळ.

निकाल उजाडायच्या सुमाराला स्पष्ट झाला. लिबरल पक्षाचे ब्रूस फॅनजॉय साडेचार हजारांच्या आसपास मतांनी जिंकले होते. पोलिएव्ह स्वतःच्याच मतदारसंघात पडले.

बेळगावला आजोबांना फोन केला तर ते हसले. "९१? आमच्याकडं १९९६ला ४५६ होते!" सीमाप्रश्नासाठी महाराष्ट्र एकीकरण समितीने लोकसभेला शेकडो उमेदवार उभे केले होते, मतपत्रिका पुस्तकासारखी झाली होती. त्याच वर्षी सरकारने अनामत ५००वरून १०,००० रुपये केली. सीमाप्रश्न आहे तिथेच.

कॅनडाने वेगळी वाट काढली. २०२५च्याच ऑगस्टमध्ये पोलिएव्ह आल्बर्टातल्या बॅटल रिव्हर–क्रोफुटच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले, तिथे उमेदवार २१४ झाले. आयोगाने नावं छापलीच नाहीत. मतदाराने कोऱ्या जागी उमेदवाराचं नाव लिहायचं. स्पेलिंग चुकलं तरी चालेल, नुसतं पक्षाचं नाव मात्र बाद. ते मोजायला मी नव्हते. एवढ्या जणांची हस्ताक्षरं लावायची म्हणजे आमचं मनगट बरं म्हणायचं.