शेमशियाची शेड आणि श्लेंदीचं पाणी: आमची वाटचाल

पहिल्यांदाच स्कूबा डायव्ह करणाऱ्या, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली जाणाऱ्या माणसाला पाण्यात नेणं हे आमच्या धंद्यातलं सर्वांत हलकं काम समजलं जातं. इन्स्ट्रक्टर झालेल्या पोरांना बुडालेली जहाजं हवी असतात, खोली हवी असते. नवखे पाहुणे मग सीझनपुरत्या आलेल्या पोरांच्या गळ्यात पडतात. आम्ही पहिल्यापासून नवख्यांचंच काम धरलं आणि माल्टामध्ये ते आमच्याइतकं निगुतीनं कुणी करत नाही, असं मी लिहून द्यायला तयार आहे.

मी मालवणचा, गाबितांच्या घरातला. वडील रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर. तारकर्लीत स्नॉर्केलिंगच्या होडीवर होतो, मग अंदमानात हॅवलॉकला इन्स्ट्रक्टरचा कोर्स केला आणि 2015 साली माल्टातल्या बुजिब्बा गावच्या एका मोठ्या डायव्ह सेंटरवर नोकरीला लागलो. तिथेच नन्नू भेटले. माल्टी भाषेत आजोबांना नन्नू म्हणतात आणि सगळा किनारा त्यांना त्याच नावानं हाक मारतो, म्हणून मीही. माल्टाशेजारच्या गोझो बेटावरचा माणूस, सारा जन्म लाम्पुकीच्या मासेमारीत गेलेला. माडाच्या जातीच्या झावळ्या तरंगत्या बांधून समुद्रात सोडायच्या, त्यांच्या सावलीला मासा जमला की जाळं घालायचं, ही तिथली शरदातली पद्धत. माझ्या वडिलांना व्हिडिओ कॉलवर त्यांनी ती हातवारे करून समजावली होती. दोघांना एकमेकांची भाषा कळत नव्हती, पण मासेमारीवर दोघं तासभर बोलले.

भागीदारीचा प्रस्ताव नन्नूंचाच. परवाना त्यांच्या नावावर, जागा त्यांच्या भावाची, काम माझं, हिशेब माझ्या बायकोकडे. 8 मार्च 2017 ला गोझोची ती प्रसिद्ध खडकाची कमान, अझुर विंडो, वादळात कोसळली आणि त्याच महिन्यात आम्ही माल्टाच्या उत्तर किनाऱ्यावर शेमशियाच्या खाडीवर पाटी लावली. लोक फोन करून विचारायचे, आता गोझोला बघायला काय उरलं? मी सांगायचो, पाण्याखालचं सगळं उरलंय.

आमची सहल एकच आहे आणि ती आजही तीच आहे. सकाळी व्हॅननं पाहुण्यांना उचलायचं, चिर्केव्वाच्या धक्क्यावरून फेरी पकडायची, पंचवीसेक मिनिटांत गोझोचं इम्जार बंदर. फेरीचं भाडं परतीच्याच वाटेवर घेतात, जाताना कुणी विचारत नाही; आपले लोक दर वेळी तिकीट खिडकी शोधत बसतात. तिथून श्लेंदी. दोन्ही बाजूंना उंच कडे, मध्ये अरुंद खाडी, तोंडाशी नाइट्स मंडळींनी, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या लढवय्या पंथानं, 1650 मध्ये बांधलेला बुरूज. आत तळ हळूहळू उतरतो: आधी वाळू, मग खडक, मग पोसिडोनियाचं गवत. शेवाळ नव्हे ते, फुलं येणारी खरी वनस्पती, आणि नवख्याला सर्वांत आधी तेच दाखवावं, कारण ते हलतं तसं आपण हलायचं असतं. आठदहा मीटरवर माशांचे थवे असतात, नशीब असेल तर खडकाच्या फटीत ऑक्टोपस. खाडीच्या बाहेर, शंभर मीटरपेक्षा जास्त खोलीवर, ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातलं फिनिशियन, म्हणजे जुन्या काळच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं, जहाज पडलंय, 2007 मध्ये सापडलेलं. तिथं आपल्यासारख्यांनी जायचं नाही. पण जेवताना मी ही गोष्ट सांगतो आणि पाहुणे पुन्हा वळून पाण्याकडे बघतात.

श्लेंदीच का, तर वारा. उत्तरेच्या किनाऱ्यावर ग्रिगाल, म्हणजे ईशान्येचा वारा, सुटला की आमची शेमशियाची खाडी उकळते, पण श्लेंदी पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे शांत राहते. मय्यिस्त्राल, वायव्येचा, जोरात असला तर उलटं. मग आम्ही आग्नेयेकडच्या इम्जार इश-शीनीच्या खाडीत जातो. वाऱ्याचा अंदाज फोनवर बघावा, पण त्यावर सही करण्याआधी नन्नूंना विचारावं. ते घराच्या गच्चीवर उभे राहून सांगतात आणि मी त्यांच्या शब्दावर व्हॅन फिरवतो.

आता सामान. आमच्याकडे स्टीलचे सिलिंडर आहेत, 12 लिटरचे, आणि ते तसेच राहणार. अल्युमिनियमचा सिलिंडर हवा संपत आली की वर तरंगू बघतो आणि नेमकं त्याच वेळी नवख्याचं लक्ष उडालेलं असतं. स्टील शेवटपर्यंत खालीच ओढतं. खाली जाण्यासाठी कमरेला शिशाची वजनं बांधतात, त्यांचं गणितही इथं वेगळं. भूमध्य समुद्राचं पाणी आपल्यापेक्षा खारट, लिटरमागे साधारण 38 ग्रॅम मीठ, शिवाय अंगात 5 मिलिमीटरचा वेटसूट, म्हणजे थंडीसाठीचा रबरी पोशाख, तोही वर ढकलतो. मालवणात जेवढ्या वजनावर माणूस खाली जातो तेवढ्यात इथं तो बुचासारखा वर राहतो. माझ्याकडे अर्ध्या किलोचे तुकडेही आहेत. एक किलोच्या टप्प्यात वजन देणारे लोक नवख्याला एकतर बुडवतात, नाहीतर तरंगवतात. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, रोज संध्याकाळी गोड्या पाण्यात भिजवतो, आधी त्याच्या तोंडावरचं झाकण, डस्ट कॅप, घट्ट बसवून. ही कॅप ओली ठेवून लावणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही. ओ-रिंगचा, म्हणजे हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्यांचा डबा माझ्या खिशात असतो, लग्नाला गेलो तरी. आणि नंबरचे मास्क: दीडपासून सहापर्यंतच्या मायनसचे. चष्मा काढून पाण्यात गेलेल्या माणसाला तुम्ही मासा दाखवता आणि तो मान हलवतो. त्याला दिसलेलं काहीच नसतं.

ठाण्याच्या काकूंची गोष्ट इथंच सांगतो. मुलगी लंडनला, तिच्याकडे आलेल्या काकू माल्टाला चार दिवस फिरायला आल्या होत्या. साठी उलटलेली, पोहता येत नाही, रक्तदाबाची गोळी चालू. आरोग्याच्या फॉर्मवर त्यांनी सगळं खरं लिहिलं. मी म्हटलं, "काकू, डॉक्टरची सही लागेल." त्या मुलीवर चिडल्या, माझ्यावर चिडल्या, पण सेंट पॉल्स बेमधल्या डॉक्टरकडे जाऊन दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आल्या. गुडघाभर पाण्यात आम्ही बराच वेळ नुसते श्वास घेत बसलो. दर अर्ध्या मीटरला नाक दाबून कान मोकळे करायचे, दुखायची वाट बघायची नाही, श्वास कधीही रोखायचा नाही, एवढंच. त्या पाच मीटरपर्यंत गेल्या. वर आल्यावर मास्क काढून म्हणाल्या, "अरे, आवाज फक्त माझाच होता." तेव्हापासून त्या जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात येतात आणि एकट्या येत नाहीत. इंग्लंडमधलं स्लाउ, हॅरो आणि जर्मनीतलं फ्रँकफर्ट, म्युनिक इथली अर्धी मराठी मंडळी आमच्याकडे काकूंमुळे आली. जाहिरातीवर आम्ही कधी मोठा खर्च केला नाही, तो काकूंनी वाचवला.

आता जे सांगायलाच हवं ते.

फेब्रुवारी 2019 च्या अखेरीस ग्रिगाल आला तो वारा नव्हताच. मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांतले मासे शेमशियाच्या रस्त्यावर येऊन पडले होते आणि लोक पिशव्या घेऊन ते गोळा करत होते. ती चित्रं तेव्हा जगभर फिरली. त्या चित्रांच्या मागे आमची शेड होती. दार आत आलेलं, वेटसूट चिखलात, आणि कॉम्प्रेसर कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात उभा राहून गेलेला. हाय प्रेशरचा कॉम्प्रेसर म्हणजे सिलिंडरमध्ये दाबानं हवा भरणारं मशीन, त्याच्याशिवाय आमचा धंदा नाही. क्रँककेसमध्ये समुद्राचं पाणी गेलं, मोटर गेली, फिल्टरचा टॉवर गेला. सिलिंडरच्या व्हॉल्व्हांत वाळू. विम्याच्या माणसानं फोटो काढले, चहा प्यायला आणि दोन आठवड्यांनी कळवलं की पावसाचं पाणी पॉलिसीत आहे, समुद्राचं नाही. रात्री वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "मशीन गेला तर गेला. माणसां आसत मा?"

माणसं होती. पण एप्रिलच्या बुकिंगचे पैसे आम्ही घेतलेले होते.

किनाऱ्यावर एक रीत आहे. कुणाचा कॉम्प्रेसर बंद पडला तर शेजारचा सिलिंडर भरून देतो, ठरलेल्या दरानं, कुरकुर न करता. आम्हीही कितीतरी जणांना भरून दिले होते. मी व्हॅनमध्ये सिलिंडर टाकून खाडीपलीकडच्या सेंटरवर गेलो. नाव लिहीत नाही, माल्टातल्यांना कळेल. पहिल्या खेपेला त्यांनी भरून दिले. दुसऱ्या खेपेला दर दुप्पट. तिसऱ्या खेपेला सांगितलं, आमचाच सीझन आहे, जमणार नाही. त्याच आठवड्यात माझे दोन इन्स्ट्रक्टर त्यांच्याकडे गेले. त्यातला एक देवबागचा, मीच बोलावून घेतलेला, माझ्याच घरी राहिलेला. मे महिन्यात त्यांचं मराठी पत्रक निघालं: श्लेंदीची सहल, तीच फेरी, तेच जेवण, आमच्यापेक्षा तीस टक्के स्वस्त. "कान मोकळे, मन मोकळं" हे वाक्य मी पाहुण्यांना सांगायचो, ते त्या पत्रकावर छापलेलं होतं. आणि फोनवर चौकशी करणाऱ्यांना आमच्याबद्दल सांगितलं जायचं, "ते आता बंद झाले." आमच्याकडे नेहमी पाहुणे पाठवणाऱ्या एका हॉटेलनं ते ऐकून आमची कार्डं काउंटरवरून काढून टाकली. मी स्वतः जाऊन उभा राहिलो, तरी मॅनेजर म्हणाला, बघू.

त्यांनी नियम मोडला नाही, हे मी मान्य करतो. नवख्यांच्या डायव्हला एका इन्स्ट्रक्टरमागे चार माणसं चालतात आणि खोलीची मर्यादा 12 मीटर. ते चार नेतात. आम्ही दोनच नेतो, कारण माणसाला दोनच हात असतात. तिसऱ्या माणसाच्या मास्कमध्ये पाणी शिरलं तर मी कुणाचा हात सोडायचा? स्वस्त सहलीत हा प्रश्न सुटत नाही, तो फक्त विचारला जात नाही.

नन्नूंच्या मेहुण्याच्या गॅरेजमध्ये पेट्रोलवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर पडून होता. मिनिटाला 100 लिटर. म्हणजे 12 लिटरचा एक सिलिंडर 200 बार दाबापर्यंत भरायला 24 मिनिटं, आणि रिकामा सिलिंडर कधी एकच नसतो. तो आम्ही गोझोला नन्नूंच्या अंगणात ठेवला. पेट्रोलच्या मशीनला हवा घेणारा पाइप वाऱ्याच्या दिशेला उंच बांधावा लागतो, धुराचा पाइप विरुद्ध बाजूला; वारा फिरला की मशीन फिरवायचं, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये जातो आणि माणूस खाली झोपतो. कुणाकडेही असलं मशीन असेल तर त्याच्या शेजारून हलू नका, फोन घ्यायलासुद्धा नाही. नन्नू ऐंशीच्या घरात. ते रात्रभर खुर्ची टाकून त्या मशीनपाशी बसायचे, हातात ओला रुमाल, वाऱ्याकडे तोंड. पहाटे मी पहिल्या फेरीनं जाऊन भरलेले सिलिंडर घ्यायचो आणि पाहुण्यांना आणायला परत यायचो. तो सगळा उन्हाळा असा गेला. एकही बुकिंग आम्ही रद्द केलं नाही. एकाही पाहुण्याला कळलं नाही की त्याच्या पाठीवरची हवा एका म्हाताऱ्यानं रात्रभर जागून भरलीय. काकूंना कळलं, कारण त्या विचारतातच. त्यांनी पुढच्या वर्षीच्या सहलीचे पैसे, स्वतःचे आणि ओळखीच्या सगळ्यांचे, आगाऊ पाठवून दिले. त्या पैशातून आणि नन्नूंनी विकलेल्या लुझ्झूतून, म्हणजे त्यांच्या डोळे रंगवलेल्या होडीतून, नवा कॉम्प्रेसर आला. होडी विकलेली मला त्यांनी सांगितलं नव्हतं. धक्क्यावर तिची जागा रिकामी दिसली तेव्हा कळलं.

मग मार्च 2020 मध्ये विमानतळ बंद झाला तो 1 जुलैला उघडला. त्यावर सगळ्यांनी लिहिलंय. आमच्याकडे तोपर्यंत कर्ज नव्हतं, म्हणून टिकलो. त्यानंतर धंदा चालला, चालतोय.

नव्यानं येणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. सहलीच्या संध्याकाळचं विमान काढू नका. एकच डायव्ह असेल तर किमान 12 तास, दोन असतील तर 18 तास जमिनीवर थांबायचं असतं. अंगात विरघळलेला नायट्रोजन तुमच्या तिकिटाची तारीख बघत नाही. दर सीझनला कुणीतरी हुज्जत घालतं आणि मी पैसे परत देऊन त्याला किनाऱ्यावर बसवतो. सर्दी असेल तर येऊ नका, गोळी घेऊन तर मुळीच येऊ नका, गोळीचा असर पाण्याखाली उतरला तर कान अडकतो. ऑगस्टपेक्षा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. पाणी तापलेलं असतं, गर्दी गेलेली असते आणि श्लेंदीच्या खानावळींत ताजी लाम्पुकी मिळते. शाकाहारी मंडळींसाठी वाटाण्याचे पास्तिझी, म्हणजे माल्टातल्या सारण भरलेल्या खाऱ्या, आम्ही सकाळीच बांधून घेतो. आणि ज्यांना हा धंदा करायचाय त्यांना: समुद्राच्या बाजूला दार असलेला गाळा कितीही स्वस्त मिळाला तरी कॉम्प्रेसर दुसऱ्या गावात ठेवा. आमचा आजही गोझोला नन्नूंच्या अंगणात आहे, पक्क्या छपराखाली, आणि त्याची चावी नन्नूंच्या नातवाकडे असते. तो यंदा इन्स्ट्रक्टरच्या परीक्षेला बसतोय.

खाडीपलीकडचं सेंटर अजून आहे. पत्रकही आहे, ते वाक्यही. मात्र साठी उलटलेले, पाण्याला घाबरणारे, फॉर्मवर खरं लिहिणारे पाहुणे आले की त्यांच्या काउंटरवरची मुलगी हळूच आमचा नंबर देते. आम्ही त्यांना घेतो, दोनच्या वर घेत नाही, आणि दर पूर्ण लावतो.