पालक वर्गात येतात कसे? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत भेटणारे शिक्षक मला हमखास विचारतात, की आमच्याकडे पालकसभेची गणपूर्तीसुद्धा होत नाही, मग तुमच्या जिल्हा परिषद शाळेत पालक थेट वर्गात येऊन शिकवतात ते कसे?

माझे उत्तर असे, की मी त्यांना सभेला बोलावतच नाही, कामाला बोलावते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि ही तरतूद मोलाचीच आहे. परंतु समितीचा बहुतेक वेळ खोल्यांची दुरुस्ती, अनुदान आणि विकास आराखडा यांत जातो, आणि इतिवृत्तावर सह्या झाल्या की मंडळी घरी जातात. ‘मुलाकडे लक्ष द्या’ हे वाक्य तर पालकाला काहीच सांगत नाही.

अपूर्णांक शिकवताना मी एका विद्यार्थ्याच्या आजींना घरातली जुनी मापे घेऊन बोलावले होते. पायलीत चिपटी किती, असे त्यांनी विचारताच बहुतेक मुले ‘आठ’ म्हणाली. मग आजींनी ज्वारी ओतून दाखवली: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, म्हणजे चिपटी सोळा. एका मुलाचे उत्तर तरीही जुळेना, तेव्हा त्याच्या मापाच्या काठावर चढलेली रास पाहून त्या म्हणाल्या, “अरे, शीग ठेवून मापतोस, मग हिशेब कसा जुळंल?” शेराचा अर्धा आणि पाव त्या दिवशी मुलांच्या हाताला कळला. आजींना लिहिता-वाचता येत नाही, हे सांगायला हवे, कारण ‘आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार’ हीच पालकांची पहिली सबब असते.

वेळेचे भान त्याहून महत्त्वाचे आहे. सोयाबीनच्या काढणीत किंवा कापसाच्या वेचणीत बोलावणे म्हणजे मजुरी बुडवायला सांगणे होय. आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतील जी मुले गावातच राहतात, त्यांचे पालक म्हणजे आजी-आजोबाच असतात. शिवाय वर्गात आलेल्या पालकापुढे लोकवर्गणीचा विषय मी कटाक्षाने काढत नाही, आणि कोणाच्याही मुलाची प्रगती इतरांसमोर बोलू देत नाही.

वडिलांचे मात्र अजून म्हणावे तसे जमलेले नाही. प्रजासत्ताक दिनाला ते झेंड्यापाशी उभे राहतात आणि तिथूनच परततात. पाण्याच्या पाठासाठी ठिबकचे काम करणाऱ्या एकांना विचारले, तर ‘बाई, मला बोलता येत नाही’ असे म्हणाले. बोलू नका, नळी जोडून दाखवा, असे सांगितल्यावर ते तयार झाले आहेत. दिवस मात्र शेतीपंपाची वीज कोणत्या आठवड्यात रात्रीची असते, हे पाहून ठरेल.