तुम्ही विचारलंत म्हणून : दोन्ही बाजूंना फोरहँड

"मध्येच रॅकेटचा हात बदलता, ते नियमात बसतं का?" शिवाजी पार्कला मला टेनिस खेळताना पहिल्यांदा पाहणारा हे हमखास विचारतो. आणि लगेच पुढचा प्रश्न, "मग सगळेच असं का खेळत नाहीत?"

रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूचा फटका म्हणजे फोरहँड, विरुद्ध बाजूचा बॅकहँड. मी उजवीकडे उजव्या आणि डावीकडे डाव्या हाताने, दोन्हीकडे फोरहँडच मारतो. नियमात बसतं. एका वेळी रॅकेट एकच हवी, मग ती कुठल्याही हातात धरा. इटलीचा जॉर्जिओ दे स्तेफानी असंच खेळून १९३२ मध्ये फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला आणि अमेरिकेची बेव्हर्ली बेकर फ्लाइट्झ १९५५ मध्ये विम्बल्डनच्या. दोघंही तिथे हरले, तरी मला ही दोन नावं फार मोलाची वाटतात.

सगळे का खेळत नाहीत? कारण रॅकेटची मूठ. मी दोन्ही हात मुठीवर ठेवून उभा राहतो, उजवा खाली, डावा वर. चेंडू डावीकडे आला की उजवा सोडायचा. डावा खाली सरकवत बसलं तर चेंडू निघून जातो, आणि वरच ठेवला तर रॅकेट आखूड पडते. मी वरच ठेवतो. त्यासाठी ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवरची पातळ पट्टी, पार रॅकेटच्या गळ्यापर्यंत गुंडाळलेली असते, नाहीतर ऑक्टोबरच्या घामात डावा तळवा सरळ घसरतो.

सर्व्हिस घेताना मात्र हा प्रकार महागात पडतो. कोर्ट २३.७७ मीटर लांब, जोरदार सर्व्हिस यायला सेकंदभरही लागत नाही, आणि ती थेट अंगावर आली की कुठला हात सोडायचा हेच ठरत नाही. तिथे मी दोन हातांचा बॅकहँडच मारतो. नेटजवळही तेच.

पण डावीकडे साइडलाइनबाहेर पळवणारा चेंडू! दोन हातांनी जिथे अंग आखडतं, तिथे डावा हात मोकळा लांबवून क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरका पलीकडच्या कोपऱ्यात, मारता येतो. त्या एका फटक्यासाठी मी बाकीचं सगळं आनंदाने सोसतो.

मुलांना शिकवावं का, असं पालक विचारतात. आधी बॅकहँड पक्का होऊ द्या. डाव्या हाताचा फोरहँड मात्र आजपासून भिंतीवर घोटून घ्या. उजव्या खेळाडूच्या दोन हातांच्या बॅकहँडमध्ये डावा हातच बरंचसं काम करतो, त्यामुळे पुढे मुलाने हात बदलले नाहीत तरी हा सराव त्याच्या बॅकहँडला लागतोच.