इंजिनांची उधारी फेडताना

नागपूरच्या अजनी शेडचं इंजिन आंध्रात दिसलं तर आपल्याला नवल वाटत नाही. शेड कुठलीही असो, मालक एकच. अमेरिकेत मालगाड्यांच्या मोठ्या कंपन्या सहा (२०२३ मध्ये दोघींचं विलीनीकरण झालं, त्याआधी सात), आणि रूळही ज्याचे त्याचे. तरी एका कंपनीची इंजिनं दुसरीच्या रुळांवर सर्रास धावतात. शिकागोत पश्चिमेकडच्या आणि पूर्वेकडच्या कंपन्यांचे मार्ग भेटतात. तिथे गाडीचा चालक नि कंडक्टर उतरतात, पुढच्या कंपनीचे चढतात, इंजिनं मात्र तीच पुढे जातात. इगतपुरीला इंजिन बदलेपर्यंत ज्यांनी फलाटावर वडे खाल्लेत, त्यांना यात किती वेळ वाचतो हे सांगायला नको.

अशाच एका कंपनीत इंजिन-वाटपाच्या विभागात रुजू झाल्यावर माझ्याकडे शेजारच्या कंपनीचं खातं आलं. काम म्हणजे चक्क खतावणी, फक्त डॉलरऐवजी हॉर्सपॉवर-तासांची, म्हणजे इंजिनाची हॉर्सपॉवर गुणिले ते वापरलेले तास. ४,४०० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं आमच्याकडे दोन दिवस राहिली की ४,२२,४०० हॉर्सपॉवर-तास आमच्या नावे चढले. फेड चेकने नाही, इंजिनांनीच करायची. ३,००० हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन पाठवलं तर ते त्यांच्याकडे जवळजवळ सहा दिवस राबायला हवं.

आकडेमोड शाळकरी आहे. डोकेदुखी आहे ती वेळेची. आमच्या नोंदीत गाडी संध्याकाळी दिलेली, त्यांच्या नोंदीत मध्यरात्रीनंतर घेतलेली. मधला वेळ ती यार्डाबाहेर उभी होती, कारण आत जागा नव्हती. हे तास कुणाचे? ईमेलवर बरीच खणाखणी झाली. शेवटी रुळांशेजारच्या रीडरची नोंद काढली. इथे प्रत्येक वाघिणीच्या आणि इंजिनाच्या दोन्ही अंगांना रेडिओ टॅग असतो आणि गाडी जाताना रीडर तो वाचतो. हद्दीवरच्या रीडरचीच वेळ दोघांनी धरायची असं ठरलं आणि निम्मे वाद तिथेच मिटले. उरलेले बहुतेक बिघाडाचे. बंद पडलेल्या इंजिनाचे तास मोजायचे की नाही, यासाठी करारच वाचावा लागतो आणि तो मन लावून वाचलेला माणूस विभागात सहसा एकच असतो.

मग फेडीसाठी इंजिनं निवडायची. मला वाटलं होतं, यार्डात मोकळं दिसेल ते पाठवायचं. माझ्या वरिष्ठ बाईंनी आधी कॅबमधलं तपासणीचं कार्ड बघायला लावलं. केंद्रीय नियमाप्रमाणे इंजिनाची ठरावीक तपासणी ९२ दिवसांनी होते, संगणकीय नियंत्रणाच्या नव्या इंजिनांना १८४ दिवस मिळतात. मुदत संपत आलेलं इंजिन कुणालाच नको असतं. जोडणीची मात्र अडचण नाही. इंजिनांमधली २७ पिनांची केबल प्रमाणित असल्यामुळे वेगवेगळ्या उत्पादकांची इंजिनंही एकाच चालकाच्या हाताखाली चालतात. अडतं ते सगळ्यात पुढच्या इंजिनाशी. २०२० च्या अखेरीपासून ठरवून दिलेल्या मार्गांवर गाडी आपोआप थांबवणारी पीटीसी यंत्रणा सक्तीची आहे, आणि काही मार्गांवर कॅबमध्ये सिग्नल दाखवणारी उपकरणंही लागतात. ती नसलेलं इंजिन मागेच लावावं लागतं. हॉर्सपॉवर-तास भरतात, पण त्यांची गाडी पुढच्या इंजिनासाठी खोळंबते.

बाईंचा दुसरा सल्ला मला जास्त पटला: खातं शून्यावर आणायची घाई करू नका. शरद ऋतूत धान्याचा हंगाम आला की सगळ्यांनाच इंजिनं हवी असतात. तेव्हा उधारी अंगावर ठेवण्यात शहाणपण. वाहतूक मंदावली, आपली इंजिनं यार्डात उभी राहू लागली, की फेडावं. अर्थात शेजारीही हाच विचार करतो, त्यामुळे हंगामाच्या तोंडावर दोन्हीकडून गोड शब्दांत तगादे सुरू होतात.

आम्ही हिवाळ्यात फेडलं. यादीत जुनी इंजिनं जरा जास्तच होती, आणि ती मुद्दामच घातली होती. शेजाऱ्यांनी तास मान्य केले, पण पुढच्या फेडीसाठी अट घातली: निम्मी तरी इंजिनं पुढे लावता येतील अशी हवीत. आता यादी करताना पहिला रकाना पीटीसीचा असतो, हॉर्सपॉवर दुसऱ्या रकान्यात.