आमची वाटचाल: राख लावलेले हात

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत वडिलांनी चार कटर मांडले आणि वाडीतल्या बायका काजू फोडायला येऊ लागल्या. पायाने पट्टी दाबायची, हाताने दांडा ओढायचा, बी दुभंगली की टोच्याने गर काढायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून त्या हाताला राख चोळून बसत. तरी बोटं काळी पडायचीच. लग्नकार्यात पदराखाली हात झाकून बसलेली काकी मला लहानपणापासून आठवते.

त्यामुळे ऑटोमॅटिक कटिंग मशीन आलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. तोवर पडवीची शेड झाली होती, फोडायला 22 जणी होत्या. मशीनला दोन माणसं पुरतात, हे मला घेतानाच ठाऊक होतं. बायकांना सांगायचं मात्र मी टाळत राहिलो. शेवटी काकीनेच विचारलं, "दादानू, उद्यापास्ना आमी येवचा नाय काय?"

मशीन चालवायला बाहेरून मुलगा आणला. पहिल्या हंगामात पाकळी, म्हणजे दुभंगलेला गर, आणि कणी, म्हणजे तुकडे, हेच फार पडले. आमचा सगळा धंदा अख्ख्या गरावर. डब्ल्यू 320 ही अख्ख्या गराची प्रत, म्हणजे पौंडात 300 ते 320 गर, आणि तुटला की भाव उतरलाच. आमच्याकडे वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 ची कलमं, शिवाय जुनी गावठी झाडं, सगळी बी एकत्र येते. वेंगुर्ला-7 ची बी 10 ग्रॅमच्या आसपास भरते, गावठी त्याहून बरीच बारीक. पातं मात्र एकाच मापाला लावलेलं. आम्ही पाती बदलत बसलो. सोलणीला ठेवून घेतलेल्या काकीने एकदा घमेल्यातली बी उचलली, बोटांत दाबली आणि सांगितलं की वाफ बरोबर आहे, पण बी रात्रभर गार झालेली नाही. खरंच होतं. मशीनचा वेग बघून आम्ही वाफवलेली बी दुपारीच आत टाकत होतो. टरफल चिवटच राहायचं आणि गर चिरडायचा.

आता बी आधी चाळणीतून मापाप्रमाणे वेगळी होते, रात्रभर पसरून ठेवतो. बॉयलर काकी सांभाळते, मशीन तिची सून. जळलेली बोटं शेडमध्ये दिसत नाहीत, याचा मला आनंद आहे.

पण 22 पैकी 11 जणीच सोलणीला आणि प्रतवारीला राहिल्या. बाकीच्यांपैकी काही हंगामात आंब्याच्या पेट्या भरायला जातात, काही घरी बसल्या. शनिवारच्या पगारातून त्यांची भिशी चालायची. पोरांची फी, घराची कौलं, कुणाला न विचारता खर्च करता येईल असा तो त्यांचा स्वतःचा पैसा होता. ती भिशी मोडली, त्याची भरपाई माझ्या कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

सध्या कलर सॉर्टरचं कोटेशन आलं आहे. कॅमेरा प्रत्येक गर बघतो, डागी असेल तो हवेच्या झोताने बाजूला उडतो. म्हणजे प्रतवारीच्या खोलीवरच गदा. या वेळी तो कागद मी आधी त्याच खोलीत वाचून दाखवला. तिघी शिकायला तयार आहेत. बाकीच्यांना कोणतं काम देता येईल, ते ठरेपर्यंत ऑर्डर थांबवली आहे.